फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाई व युरोपांतील रुग्णालयें

थोर माणसांचीं चरित्रें वाचावयाचीं तीं केवळ त्यांची स्तुति करण्यासाठीं नव्हे. त्यांच्या आयुष्यांत जो प्रश्न उभा राहिला, तो आपल्या काळांत कोणत्या रूपानें पुढें येतो, हेंही पाहिलें पाहिजे. म्हणून नाइटिंगेल बाईंच्या जन्माची हकीकत सांगण्यापूर्वीं आम्ही वाचकांस २०२० सालची एक गोष्ट सांगतों.

त्या वर्षीं कोरोनाची साथ युरोपभर पसरली. इटली व स्पेन ह्या देशांतील कित्येक रुग्णालयें रोग्यांनीं भरून गेलीं आणि लंडनांतही तीच भीति उत्पन्न झाली. तेव्हां तेथील सरकारनें शहराच्या पूर्व भागांतील एका प्रचंड प्रदर्शनगृहांत अवघ्या नऊ दिवसांत एक तात्पुरतें रुग्णालय उभारलें. वेळ पडल्यास त्यांत चार हजार खाटा मांडतां याव्या अशी योजना होती. त्यास नांव दिलें तें नाइटिंगेल बाईंचें. ३ एप्रिल २०२० रोजीं तें उघडलें. परंतु साथीच्या त्या पहिल्या लाटेंत तेथें उपचार झाले ते केवळ ५४ रोग्यांवर. जुन्या रुग्णालयांनीं आपल्याच आवारांत जागा वाढविली, हें त्याचें एक कारण होय. दुसरें कारण असें कीं, अत्यवस्थ माणसाच्या उशाशीं अहोरात्र उभी राहणारी व श्वासोच्छ्वासाचें यंत्र सांभाळणारी परिचारिका नऊ दिवसांत तयार होत नाहीं. खाटा मिळाल्या, परंतु त्यांच्याजवळ उभीं राहणारीं माणसें पुरेशीं मिळालीं नाहींत. ज्या बाईंचें नांव त्या जागेस दिलें होतें, त्यांनीं हीच गोष्ट राज्यकर्त्यांस पटविण्यांत आपलें आयुष्य वेंचिलें होतें. तें आयुष्य कसें गेलें तें आतां सांगतों.

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० रोजीं इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं झाला. तिचे आईबाप इंग्रज, सुखवस्तु, व विवाहानंतर युरोपचा प्रवास करीत असलेले असे होते. थोरली मुलगी १८१९ सालीं नेपल्स येथें झाली, म्हणून तिला त्या शहराच्या प्राचीन ग्रीक नांवावरून पार्थिनोपी हें नांव मिळालें. धाकटीस तिच्या जन्मगांवाचेंच नांव ठेवण्यांत आलें. पुढें हें कुटुंब इंग्लंडास परतलें. डर्बीशायरांत ली हर्स्ट व हँपशायरांत एंबली अशीं त्यांचीं दोन मोठीं घरें होतीं. वडील विल्यम एडवर्ड नाइटिंगेल हे केंब्रिज येथें शिकलेले असून त्यांनीं दोन्ही मुलींस घरींच ग्रीक, लॅटिन, इतिहास व तत्त्वज्ञान हे विषय स्वतः शिकविले. त्या काळच्या मुलींच्या वांट्यास असें शिक्षण क्वचितच येई. फ्लॉरेन्सचा ओढा मात्र गणिताकडे विशेष होता. लहानपणापासून तिला वस्तूंच्या याद्या करण्याची व आंकडे मांडण्याची आवड होती. ही आवड पुढें हजारों माणसांचे प्राण वांचविणार आहे, हें तेव्हां कोणास ठाऊक असणार?

७ फेब्रुवारी १८३७ रोजीं, वयाच्या सतराव्या वर्षीं, ईश्वरानें आपणांस त्याच्या सेवेस बोलाविलें आहे अशी तिची खात्री झाली. ती सेवा कोणती, हें मात्र तिला कित्येक वर्षें उमगलें नाहीं. खेड्यांतील आजारी गरिबांच्या झोंपड्यांत जातां येतां अखेर तिला उत्तर सांपडलें. १८४५ सालीं सॉल्सबरी येथील रुग्णालयांत जाऊन शुश्रूषेचें काम शिकण्याची इच्छा तिनें घरीं बोलून दाखविली, आणि घरांत हाहाकार उडाला.

आईबापांचा हा विरोध केवळ श्रीमंतीच्या अभिमानामुळें होता, असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. त्या काळीं रुग्णालय म्हणजे गोरगरिबांनीं निरुपायानें जाण्याची जागा होती. ऐपतीचा माणूस घरींच औषधोपचार करून घेई. कोंदट दालनें, एकमेकींस लागून मांडलेल्या खाटा, मळकीं अंथरुणें आणि सर्वत्र भरून राहिलेली दुर्गंधि असें तेथील दृश्य असे. शुश्रूषेचें काम करणाऱ्या बायका बहुधा अशिक्षित व तुटपुंज्या वेतनावर राबणाऱ्या असत, आणि त्यांच्यापैकीं पुष्कळ जणी मद्यपी असतात असा लौकिक होता. अशा ठिकाणीं आपली मुलगी पाठवावयास कोणती आई तयार होईल? तथापि फ्लॉरेन्सची दृष्टि निराळी होती. काम हलक्या लोकांच्या हातीं आहे म्हणून तें काम हलकें ठरत नाहीं. उलट तें चांगल्या हातीं दिलें पाहिजे, असें तिचें मत होतें. घरचीं माणसें उठण्यापूर्वीं, पहांटे दिव्याच्या उजेडांत, ती युरोपांतील रुग्णालयांचे अहवाल मिळवून वाची व त्यांवरून टांचणें करून ठेवी. अशीं वर्षें गेलीं. १८४९ सालीं रिचर्ड माँक्टन मिल्न्स ह्या विद्वान् व थोर मनाच्या गृहस्थाची मागणी तिनें नाकारली. त्याच्याविषयीं तिच्या मनांत प्रीति नव्हती असें नाहीं. परंतु विवाह करून आपलें कार्य होणार नाहीं असें तिला वाटलें.

जर्मनींत ऱ्हाईन नदीच्या तीरावर कैझर्सव्हर्ट नांवाचें गांव आहे. तेथें पास्टर फ्लीड्नर ह्यांनीं १८३६ सालीं ख्रिस्ती सेविकांची एक संस्था स्थापिली होती. तिच्यांत रुग्णालय, अनाथ मुलांची शाळा व सेविकांना शिक्षण देण्याची सोय होती. फ्लॉरेन्सनें १८५० सालीं ही संस्था पाहिली, आणि १८५१ सालीं तेथें सुमारें तीन महिने राहून ती काम शिकली. भोजन साधें, दिवस पहांटे सुरू व्हावयाचा, विश्रांति थोडी. परंतु तिला तेथें जें समाधान लाभलें तें घरच्या मेजवान्यांत कधीं लाभलें नव्हतें. अखेर वडिलांचें मन द्रवलें. त्यांनीं तिला वर्षास ५०० पौंड लावून दिले, आणि ऑगस्ट १८५३ मध्यें लंडनच्या हार्ली स्ट्रीटवरील आजारी स्त्रियांच्या एका लहानशा संस्थेची ती अधीक्षिका झाली. येथून पुढें आम्ही तिचा उल्लेख नाइटिंगेल बाई असाच करूं, कारण आतां त्यांचें कार्य सुरू झालें होतें.

१८५४ सालीं इंग्लंड व फ्रान्स हीं राष्ट्रें तुर्कस्तानच्या बाजूनें रशियाविरुद्ध युद्धांत उतरलीं. क्रिमियांत जखमी झालेले व आजारी पडलेले इंग्रज शिपाई जहाजांत घालून काळ्या समुद्रापलीकडे स्कुटारी येथें आणीत. हें गांव कॉन्स्टँटिनोपल (आजचें इस्तंबूल) शहरासमोर, बॉस्फरसच्या आशियाकडील तीरावर आहे. तेथील तुर्की सैन्याची एक विशाल बराक इंग्रजांनीं रुग्णालय म्हणून घेतली होती. टाइम्स पत्राचा बातमीदार विल्यम हॉवर्ड रसेल ह्याच्या पत्रांवरून शिपायांची दैना इंग्लंडांत कळली, व फ्रेंच सैन्याबरोबर शुश्रूषा करणाऱ्या जोगिणी आहेत, आमच्याबरोबर कोणीच कां नाहीं, असा प्रश्न लोक विचारूं लागले. युद्धखात्याचे एक मंत्री सिडने हर्बर्ट हे नाइटिंगेल बाईंचे स्नेही होते. त्यांनीं बाईंस विनंती केली. २१ ऑक्टोबर १८५४ रोजीं ३८ स्त्रियांस बरोबर घेऊन बाई निघाल्या. त्यांत १४ रुग्णालयांतील परिचारिका होत्या, व बाकीच्या रोमन कॅथॉलिक आणि अँग्लिकन पंथांच्या धर्मभगिनी होत्या. ४ नोव्हेंबर रोजीं त्या स्कुटारीस पोहोंचल्या.

तेथें त्यांनीं काय पाहिलें? खाटांच्या रांगा एकीपुढें एक मांडल्या तर सुमारें चार मैल भरतील, एवढें तें रुग्णालय मोठें होतें. परंतु शिपायांस बदलावयास सदरा नव्हता, अंग धुण्यास भांडें नव्हतें, जेवणास चमचा नव्हता. आरंभीं तेथील लष्करी वैद्यांस ह्या बायका नकोशा होत्या. बाईंनीं वाद घातला नाहीं. वैद्यांनीं बोलाविल्याशिवाय एकाही रोग्यास हात लावावयाचा नाहीं, असा आपल्या परिचारिकांस त्यांनीं सक्त हुकूम दिला व फाटक्या चादरींच्या पट्ट्या शिवीत त्या बसून राहिल्या. थोड्याच दिवसांत जखमी व आजारी शिपायांचा लोंढा आला आणि वैद्यांनीं आपण होऊन त्यांस बोलावणें पाठविलें. मग बाईंनीं स्वयंपाकघर उभारलें. एक घर भाड्यानें घेऊन तेथें कपडे उकळण्याची सोय केली व शिपायांच्या बायकांस धुण्याच्या कामावर लाविलें. बराकीचा एक मोडकळीस आलेला भाग आणखी सुमारें ८०० रोग्यांसाठीं हवा होता. मंजुरीचे कागद ह्या कचेरींतून त्या कचेरींत फिरत होते. बाईंनीं सुमारें २०० मजूर लावून, पदरचे पैसे देऊन तो भाग दुरुस्त करविला. रात्रीं हातांत कंदील घेऊन त्या दालनांदालनांतून फिरत. ह्या कंदिलामुळेंच त्यांची मूर्ति लोकांच्या मनांत कायमची ठसली.

आमच्या शाळापुस्तकांतील धडा बहुधा येथेंच संपतो. खरी कसोटी पुढें आहे. स्वयंपाकघर झालें, धुलाई झाली, खाटा वाढल्या, परिचारिका आल्या. तरी त्या हिंवाळ्यांत माणसें मरतच राहिलीं. इतकेंच नव्हे, तर मृत्यु वाढले. फेब्रुवारी १८५५ मध्यें तेथील मृत्यूंचें प्रमाण शेंकडा ४२ पर्यंत गेलें. जखमांनीं मरणाऱ्यांहून अतिसार, विषमज्वर व तत्सम रोगांनीं मरणारे कितीतरी अधिक होते. मार्च महिन्यांत सरकारनें पाठविलेली आरोग्यसमिति येऊन पोहोंचली. डॉ. जॉन सदरलंड व स्थापत्यज्ञ रॉबर्ट रॉलिन्सन हे तिचे सभासद होते. त्यांस असें आढळून आलें कीं, ती सारी बराक तुंबलेल्या गटारांवर उभी आहे, पिण्याचें पाणी दूषित आहे, आणि कोंडलेल्या हवेंत प्रमाणाबाहेर माणसें भरलीं आहेत. त्यांनीं गटारें धुवून काढविलीं, पाण्याचे नळ साफ करविले, भिंतींस चुना दिला, हवेस वाट केली व गर्दी कमी केली. जूनपर्यंत मृत्यूंचें प्रमाण शेंकडा २ च्या आसपास उतरलें.

त्याच उन्हाळ्याच्या आरंभीं, मे १८५५ मध्यें, बाई क्रिमियांत बालाक्लाव्हा येथील रुग्णालयें पाहण्यास गेल्या असतां तापानें मरणोन्मुख झाल्या. त्यांतून त्या वांचल्या, पण पूर्वींची प्रकृति पुन्हां आली नाहीं. ह्याच सुमारास जमेका बेटावरील मेरी सीकोल नांवाच्या एका कृष्णवर्णी बाईनें स्वतःच्या हिंमतीवर बालाक्लाव्हाजवळ घर उभारून शिपायांची मोठी सेवा केली. तिचें नांव जगानें पुष्कळ काळ विसरलें होतें, म्हणून तें येथें सांगणें आम्हांस उचित वाटतें.

ऑगस्ट १८५६ मध्यें नाइटिंगेल बाई स्वदेशीं परतल्या. देशभर त्यांचा जयजयकार चालला होता. परंतु त्यांनीं मिरवणुका व सत्कार टाळले. त्यांच्या डोळ्यांपुढें मेलेले शिपाई होते. त्या युद्धांत सुमारें २१ हजार इंग्रज शिपाई मृत्यु पावले, व त्यांपैकीं १६ हजारांहून अधिक रोगांनीं गेले. असें कां झालें, ह्याचा शोध त्यांनीं आरंभिला. डॉ. विल्यम फार हे जन्ममृत्यूंच्या आंकड्यांचे निष्णात पंडित त्यांच्या साह्यास आले. त्यांनीं निरनिराळ्या रुग्णालयांचे आंकडे शेजारीं शेजारीं मांडले, तेव्हां असें दिसून आलें कीं, त्या भयंकर हिंवाळ्यांत सर्वांत अधिक माणसें दगावलीं तीं स्कुटारी येथें; म्हणजे जेथें बाई स्वतः रात्रंदिवस खपत होत्या त्याच रुग्णालयांत. खाद्यपेयें पोंचलीं नाहींत म्हणून माणसें गेलीं अशी त्यांची आजवर समजूत होती; आतां त्या समजुतीस धक्का बसला. गटारांचा व गर्दीचा दोष त्यांनाही वेळेवर ओळखतां आला नव्हता.

वाचकहो, हा प्रसंग नीट ध्यानांत घ्या. सारें राष्ट्र ज्यांस देवतेप्रमाणें मानीत होतें, त्यांनीं हा आंकडा झांकून ठेविला असता तर कोणी विचारिलें नसतें. बाईंनीं तो झांकिला नाहीं. उलट, मंत्र्यांस व राणीस आंकड्यांचे तक्ते वाचण्यास फुरसत नसते हें ओळखून त्यांनीं १८५८ सालीं त्या आंकड्यांची रंगीत चक्राकार चित्रें छापविलीं. प्रत्येक महिन्यास चक्राचा एक भाग. निळा रंग टाळतां येण्यासारख्या रोगांनीं झालेल्या मृत्यूंचा, तांबडा जखमांनीं झालेल्यांचा, काळा इतर कारणांचा. निळा भाग इतका मोठा दिसे कीं, निराळें समजावून सांगण्याची गरज पडूं नये. शांततेच्या काळींही बराकींत राहणारे तरुण शिपाई त्याच वयाच्या इतर लोकांच्या जवळजवळ दुप्पट प्रमाणांत मरतात, हेंही त्यांनीं दाखविलें. त्याच वर्षीं लंडनच्या सांख्यिकी सभेनें त्यांस सभासद करून घेतलें. त्या सभेच्या त्या पहिल्या स्त्री सभासद होत.

आतां त्यांनीं रुग्णालयांचा प्रश्न हातीं घेतला. १८५९ सालीं रुग्णालयांच्या रचनेविषयीं त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. रोगी बरा होण्यासाठीं ज्या जागीं येतो त्या जागेनेंच त्याचा घात होऊं नये, हा त्याचा पाया आहे. एका दालनांत सुमारें ३० खाटा असाव्या, दोन्ही बाजूंस समोरासमोर उंच खिडक्या असाव्या, दालनें एकमेकांपासून सुटीं असावीं व परिचारिकेस एका नजरेंत सर्व रोगी दिसावे, असें त्यांनीं मांडलें. पॅरिसचें लारिब्वाझियेर हें रुग्णालय ह्याच धर्तीचें होतें. लंडनांत सेंट टॉमस रुग्णालयाची नवी इमारत ह्याच पद्धतीनें बांधण्यांत आली, आणि १८७१ सालीं व्हिक्टोरिया राणीनें ती उघडली.

परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट १८६० सालीं लंडनांत भरलेल्या सर्वराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेंत घडली. तोंवर प्रत्येक रुग्णालय आपआपल्या लहरीप्रमाणें हिशेब ठेवी. कोणी मेलेल्यांची टीप ठेवी, कोणी ठेवीत नसे. रोगांचीं नांवेंही सर्वत्र एकसारखीं नसत. बाईंनीं एक नमुना तयार करून परिषदेकडे पाठविला. वर्षारंभीं रोगी किती, नवे आले किती, बरे झाले किती, मेले किती, सरासरी किती दिवस राहिले, हें सर्व देशांतील रुग्णालयांनीं एकाच रीतीनें लिहावें, अशी ती सूचना होती. त्यांचे सर्व रकाने तेव्हां रूढ झाले नाहींत. पण आज युरोपांतील एका देशाची रुग्णालयें दुसऱ्या देशाशीं तुलून पाहतां येतात, त्या प्रथेचें बीज येथें आढळतें.

त्याच १८६० सालीं दुसरें बीज पेरलें गेलें. क्रिमियाच्या युद्धानंतर लोकांनीं कृतज्ञतेनें सुमारें ४५ हजार पौंडांचा निधि जमवून बाईंच्या स्वाधीन केला होता. त्यांतून सेंट टॉमस रुग्णालयांत परिचारिकांची शाळा उघडण्यांत आली. आरंभीं १५ विद्यार्थिनी निवडल्या. त्यांस एक वर्षाचें शिक्षण, राहण्यास स्वतंत्र जागा, नेमस्त वेतन व कडक शिस्त अशी व्यवस्था होती. तेथें शिकलेल्या स्त्रिया पुढें दूरदूरच्या रुग्णालयांत मेट्रन म्हणून गेल्या. अ‍ॅग्नेस जोन्स ही १८६५ सालीं १२ परिचारिकांसह लिव्हरपूल येथील कंगालखान्याच्या रुग्णालयांत गेली व १८६८ सालीं तेथेंच ज्वरानें मरण पावली. त्याच वर्षीं लूसी ऑझबर्न पांच जणींसह ऑस्ट्रेलियांत सिडनी येथें पोहोंचली. सुशिक्षित घरांतील मुलीनें हें काम पत्करण्यांत कमीपणा नाहीं, हें एका पिढीच्या आंत लोकांस पटूं लागलें. जिनेव्हाचे आंरी द्यूनां, ज्यांच्या प्रयत्नानें रेड क्रॉस संस्था निघाली, त्यांनींही आपणांस बाईंच्या कार्यापासून स्फूर्ति मिळाली असें पुढें जाहीरपणें सांगितलें.

हें सर्व चाललें असतां बाई स्वतः बहुधा अंथरुणास खिळलेल्या असत. १८५७ नंतर त्या क्वचितच बाहेर पडत. मंत्री, वैद्य व गव्हर्नर त्यांच्याकडे येत. हिंदुस्थानांत त्यांचें पाऊल कधीं पडलें नाहीं. तथापि ह्या देशाच्या आरोग्याचा अभ्यास त्यांनीं अनेक वर्षें केला. येथील इंग्रज सैन्यांत दर हजारीं ६९ शिपाई प्रतिवर्षीं मरत होते. १८६३ च्या आरोग्यविषयक अहवालानंतर सुधारणा होऊन दहा वर्षांत तो आंकडा १८ वर आला. पुढें त्यांचें लक्ष सैन्यावरून खेड्यांतील रयतेकडे वळलें. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर हे त्यांचे स्नेही होते, व पुण्याच्या सार्वजनिक सभेशीं त्यांचा पत्रव्यवहार होता. नाशिक येथें जन्मलेली व पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत शिकलेली कॉर्नेलिया सोराबजी १८८९ सालीं ऑक्सफर्डास गेली, तेव्हां तिच्या खर्चासाठीं वर्गणी देणाऱ्यांत नाइटिंगेल बाई होत्या.

थोरांचे दोष झांकूं नयेत हें आम्ही बाईंपासूनच शिकलों आहों. म्हणून त्यांचाही एक सांगतों. परिचारिकांची परीक्षा घेऊन त्यांचीं नांवें सरकारी पटावर नोंदवावीं, अशी चळवळ १८८७ च्या सुमारास सुरू झाली, तेव्हां बाईंनीं तिला कसून विरोध केला. दयाबुद्धि व चारित्र्य हीं परीक्षेनें मोजतां येत नाहींत, असें त्यांस वाटे. त्यांत तथ्य होतें. परंतु पटावर नांव नसेल तर शिकलेली कोण व न शिकलेली कोण हें रोग्यास कसें कळावें? आणि देशांत परिचारिका किती आहेत हें तरी कसें समजावें? ज्यांनीं जगास मोजावयास शिकविलें, त्यांनींच ह्या मोजणीस विरोध करावा हें नवल होय. इंग्लंडांत तो कायदा १९१९ सालीं, त्यांच्या पश्चात्, झाला.

१९०७ सालीं त्यांस ऑर्डर ऑफ मेरिट हा बहुमान मिळाला. तो मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. तोंवर दृष्टि गेली होती व स्मृतिही मंदावली होती. १३ ऑगस्ट १९१० रोजीं, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षीं, लंडन येथें त्यांनीं देह ठेविला. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेंत थोर पुरुषांशेजारीं त्यांस पुरण्याची सूचना आली होती. परंतु त्यांच्या इच्छेस अनुसरून आप्तांनीं ती नाकारली. हँपशायरांतील ईस्ट वेलो येथील खेडेगांवच्या देवळाच्या आवारांत त्यांची कबर आहे. तिच्यावर पूर्ण नांव नाहीं. केवळ दोन आद्याक्षरें व जन्ममृत्यूंच्या तारखा आहेत.

आतां आरंभीं सांगितलेल्या गोष्टीकडे वळूं. गेल्या तीनचार दशकांत युरोपांतील बहुतेक देशांत रुग्णालयांतील खाटा कमी होत गेल्या आहेत. इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांत १९८७-८८ सालीं सुमारें २,९९,००० खाटा होत्या. २०१९-२० सालीं सुमारें १,४१,००० उरल्या. हें ऐकून वाचक दचकतील. पण ह्यांत सर्वच वाईट आहे असें नाहीं. मनोरुग्णांचीं मोठमोठीं वसतिस्थानें बंद झालीं. ज्या शस्त्रक्रियेसाठीं पूर्वीं आठवडाभर निजून राहावें लागे ती करून आतां रोगी त्याच दिवशीं घरीं जातो. रोग्याची शुश्रूषा शक्यतों त्याच्या घरींच व्हावी, असें नाइटिंगेल बाईंचेंही मत होतें.

देशादेशांतील भेद पाहिला तर त्यांचें म्हणणें अधिकच पटतें. २०२० च्या सुमारास जर्मनींत दर हजार लोकांमागें जवळजवळ ८ खाटा होत्या, तर स्वीडनांत केवळ २ च्या आसपास. तरी स्वीडनांतील माणूस जर्मन माणसाहून कमी जगतो असें नाहीं. बल्गेरियांतील खाटा जर्मनीच्या तोडीच्या होत्या, परंतु परिचारिका दर हजारीं ४ हून किंचित् अधिक. नॉर्वेंत खाटा बल्गेरियाच्या निम्म्याहूनही कमी, पण परिचारिका दर हजारीं सुमारें १८. बल्गेरिया व रुमानिया हे देश २००७ सालीं युरोपीय संघांत आले, आणि तेथील पुष्कळ डॉक्टर व परिचारिका अधिक वेतनासाठीं पश्चिमेकडे निघून गेल्या. खाट जेथल्या तेथें राहते, माणूस जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागानें २०२२ सालीं दाखविलें कीं, माहिती देणाऱ्या ४४ देशांपैकीं १३ देशांत शेंकडा ४० किंवा त्याहून अधिक डॉक्टर पंचावन्न वर्षांचे अगर त्यापुढील आहेत. ते निवृत्त होतील तेव्हां त्यांच्या जागीं कोण येणार? त्याच संघटनेनें बाईंच्या जन्माच्या द्विशताब्दीनिमित्त २०२० हें वर्ष परिचारिकांचें व सुइणींचें म्हणून पाळलें. त्या वर्षीं तिनें प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें २०१८ सालीं जगांत २ कोटि ७९ लाख परिचारिका व परिचारक होते, आणि आणखी ५९ लाख हवे होते.

ही उणीव भरून काढण्यासाठीं इंग्लंड, आयर्लंड, जर्मनी हे देश आमच्या देशांतील, विशेषतः केरळांतील, परिचारिकांस बोलावीत आहेत. तेथें जाणाऱ्या मुलींचें आम्ही अभिनंदन करतों. पण त्या गेल्यावर येथल्या खाटांजवळ कोण उभें राहणार, हाही प्रश्न आहेच. आणि त्याचें उत्तर आमच्या घरांतूनच यावयास पाहिजे. मुलगी डॉक्टर व्हावी असें म्हणणारे पालक पुष्कळ भेटतात. ती परिचारिका होऊं म्हणते तेव्हां कपाळास आंठी पडते. ती आंठी आम्हीं एंबलीच्या घरांत पाहिली. तेथील आईबाप दुष्ट नव्हते. त्यांस आपल्या मुलीची काळजी होती. शेवटीं वडिलांनीं हट्ट सोडला म्हणून पुढचें सारें घडलें, हें पालकांनीं विसरूं नये.

विद्यार्थ्यांस आमचें सांगणें एवढेंच कीं, दया मनांत असणें हें चांगलें आहे. परंतु तिच्या जोडीस शिक्षण व खरा हिशेब हीं असलींच पाहिजेत. स्कुटारीच्या त्या हिंवाळ्यांत दया कमी नव्हती. गटारांकडे पाहणारा डोळा कमी पडला. बाईंनीं ती चूक कबूल केली, मोजली, चित्रांत रंगविली व जगापुढें मांडली. हातांत कंदील घेतलेली त्यांची तसबीर भिंतीवर असेल तर असो. पण तिच्याशेजारीं त्यांचें तें निळें, तांबडें व काळें चक्रही लावावें, असें आम्हांस वाटतें.